सीमेवर आधार चालत नाही

बार्शीटाकळीहून लुंबिनीला निघायचं ठरलं की घरात आठ दिवस आधीपासून गाडी भरायला सुरुवात होते. चिवडा कोणत्या डब्यात, स्वेटर वर की खाली, आजीच्या गोळ्या कुणाच्या पर्समध्ये, स्टेपनीत हवा आहे की नाही, या प्रत्येक गोष्टीवर चर्चा झडते. कागदपत्रांचा विषय मात्र एका वाक्यात मिटतो : "सगळ्याइजवळ आधार हाये न, मंग अजून काय पायजे?"

विचारणाऱ्याचंही चुकत नाही. रेशन दुकान, बँक, सिमकार्ड, पीकविमा, लॉजवरची खोली, सगळीकडे गेल्या दहा वर्षांत आधारनेच काम भागवलं आहे. मतदार कार्ड मतदानापुरतं निघतं आणि पुन्हा पत्र्याच्या पेटीत जातं. गंमत अशी की तेराशे किलोमीटर गाडी हाकून नेपाळ सीमेवरच्या सोनौलीच्या नाक्यावर पोहोचलेल्या प्रौढ माणसाला ते पेटीतलं कार्डच हवं असतं, आणि नेमकं तेच गावी राहिलेलं असतं.

यामागचं कारण कायद्यात आहे. 2016 च्या आधार कायद्याच्या कलम 9 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार मिळण्यासाठी भारतात राहणं पुरेसं असतं, भारतीय असणं नव्हे. सीमेवरचा माणूस मात्र हेच विचारतो, की तुम्ही कोणत्या देशाचे? या प्रश्नाचं उत्तर देणारी दोनच कागदपत्रं सर्वसाधारण भारतीयाकडे असतात. एक पासपोर्ट आणि दुसरं निवडणूक आयोगाचं छायाचित्र ओळखपत्र, म्हणजे आपलं मतदार कार्ड.

नेपाळ : उघडी सीमा, पण मोकळ्या हाताने नाही

वऱ्हाडातून गाडीने परदेशात जाणाऱ्यांमध्ये बहुतेकांचा मुक्काम नेपाळ असतो, आणि त्यातही बौद्ध यात्रेकरूंची संख्या मोठी. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून लुंबिनी गाठायची, असा हा फेरा. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर जेमतेम महिनाभरात, नोव्हेंबर 1956 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते; तेव्हा या वाटेशी इथल्या घरांचं नातं जुनं आहे. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथला जाणारेही कमी नाहीत.

अकोल्याहून अमरावतीकडचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 53. जून 2022 मध्ये याच पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. पुढे नागपूर, जबलपूर, रीवा, वाराणसी, गोरखपूर आणि नौतनवा ओलांडलं की सोनौली. कमानीच्या पलीकडे भैरहवा, आणि तिथून लुंबिनी तासाभराच्या आत.

भारत आणि नेपाळ यांच्यात 1950 साली शांतता आणि मैत्रीचा करार झाला. भारतीयाला नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही सक्तीचा नाही. रोज हजारो लोक पायी, सायकलने, रिक्षाने ये-जा करतात आणि त्यातल्या अनेकांना कुणी हटकतही नाही. "आम्ही तर काहीच न दाखवता गेलो होतो," ही गावात परतलेल्यांची गोष्ट त्यामुळे खरीच असते. पण सीमा उघडी असली, तरी आपण भारतीय आहोत हे विचारल्यावर दाखवता आलं पाहिजे, आणि विचारणारे दोन्ही बाजूंना आहेत. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान, पलीकडे नेपाळचे पोलीस आणि भन्सार, म्हणजे सीमाशुल्क कार्यालय. गाडी घेऊन जाणाऱ्याला तर भन्सारच्या खिडकीसमोर उभं राहावंच लागतं.

कुणी काय न्यावं, हे वयानुसार ठरतं. 18 वर्षांवरच्या माणसाने पासपोर्ट किंवा मूळ मतदार कार्ड जवळ ठेवावं. 15 पेक्षा कमी आणि 65 पेक्षा जास्त वयाच्यांना सवलत आहे. त्यांना वय आणि ओळख पटवणारं कोणतंही फोटो असलेलं सरकारी कागदपत्र चालतं, जसं पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा रेशन कार्ड. केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी 2019 मध्ये या यादीत आधारचाही समावेश केला, पण फक्त या दोन वयोगटांसाठी. ही बातमी गावात पोहोचेपर्यंत तिची शेपटी गळून पडली आणि 'नेपाळला आधार चालतं' एवढीच उरली. गाडीत आजोबांचं आणि नातवाचं आधार चालतं. स्टिअरिंगवर बसलेल्या बापाचं चालत नाही.

अडचण होते ती 15 ते 18 या मधल्या वयाची. दहावी-बारावीच्या मुलामुलींकडे मतदार कार्ड असणं शक्य नाही, पासपोर्टही बहुतेकांचा नसतो. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखपत्र ग्राह्य धरतात. साधा बोनाफाईड दाखला आणण्याऐवजी नमुना दाखवून, फोटो चिकटवून, त्यावर शाळेचा शिक्का घ्यावा. सुट्या लागल्यावर मुख्याध्यापकांना शोधत फिरण्यापेक्षा हे काम शाळा सुरू असतानाच उरकलेलं बरं.

कुटुंबाने एकत्र प्रवास केला तर आणखी एक सोय आहे. घरातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांनी नातं दाखवणारं फोटोचं ओळखपत्र दाखवलं तरी चालतं. रेशन कार्ड इथे उपयोगी पडतं, कारण अख्खं कुटुंब एका कागदावर असतं. पण ही सोय आहे, तिच्या भरवशावर सगळ्यांची कार्डं घरी ठेवू नयेत.

तीन पदरी नावांचा घोळ

मराठी माणसाचं नाव स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तीन पदरी. लग्न झालेल्या बाईच्या नावात दुसरा पदर बदलतो, तिसराही बदलतो, आणि वऱ्हाडात काही घरांत पहिलाही. परिणामी मतदार कार्डावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, वाहन परवान्यावर फक्त आद्याक्षर आणि रेशन कार्डावर घरातलं लाडकं नाव, असं चित्र दिसतं. गावच्या तलाठ्याला ही एकच बाई आहे हे माहीत असतं. सोनौलीच्या खिडकीत बसलेल्याला ते कुठून कळणार?

उपाय सोपा आहे. सहलीचं नक्की झालं की घरातल्या प्रत्येकाची कार्डं एका ओळीत मांडावीत आणि नाव, जन्मतारीख व फोटो ताडून पाहावेत. वीस वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल फोटोतला मिसरूड फुटलेला मुलगा आज टक्कल पडलेला गृहस्थ झाला असेल, तर कार्ड बदलून घ्यावं. मतदार कार्डावरची दुरुस्ती, पत्ता बदल किंवा हरवलेल्या कार्डाच्या बदली नवं कार्ड, या सगळ्यांसाठी फॉर्म 8 भरायचा असतो. नवीन नोंदणीसाठी फॉर्म 6. अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो किंवा गावातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. बार्शीटाकळी तालुक्याचं ठिकाण असल्याने तहसीलची निवडणूक शाखाही जवळच आहे. मदतीचा फोन क्रमांक 1950. नावात मोठा फरक असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत सोबत न्यावी.

महाराष्ट्रातल्या मतदार कार्डाचा एक फायदा क्वचितच कुणाच्या लक्षात येतो. त्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही असतं. नेपाळीही देवनागरीतच लिहिली जाते. त्यामुळे पलीकडचा कर्मचारी आपलं नाव अडखळत का होईना, सरळ वाचतो.

मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर विसंबून मात्र राहू नये. भारतातला वाहतूक पोलीस मोबाइलमधला परवाना मान्य करतो, कारण आपल्या कायद्याने त्याला तसं बांधलं आहे. नेपाळी पोलिसाला तो कायदा लागू नाही. शिवाय सीमा ओलांडली की रोमिंग नसलेलं भारतीय सिम मुकं होतं, आणि नेट नसलेल्या मोबाइलमधून कागद बाहेर येत नाही. मूळ कार्ड, प्लास्टिकचं किंवा लॅमिनेट केलेलं, आणि त्याच्या दोन झेरॉक्स, एवढं हाताशी हवंच.

गाडीचीही ओळख लागते

माणसांची ओळख पटली, आता गाडीची. एमएच 30 ची पाटी पाहून अकोल्याची गाडी आहे हे आपल्याला कळतं; सीमेपलीकडे त्या पाटीला कागदांची जोड लागते. आरसी, चालकाचा वाहन परवाना, विमा आणि पीयूसी, चारही मूळ स्वरूपात. भारतीय वाहन परवाना नेपाळमध्ये चालतो. पण तो ओळखपत्र म्हणून पुरत नाही, कारण परवाना तुम्हाला गाडी येते एवढंच सांगतो.

सोनौली ओलांडल्यावर पहिला थांबा भन्सारचा. परदेशी गाडी तात्पुरती देशात आणल्याची पावती इथे मिळते आणि तिचं शुल्क दिवसांच्या हिशेबाने घेतात. सोबत यातायात, म्हणजे वाहतूक परवानाही घ्यावा लागतो. भारतीय खासगी गाडीला वर्षाकाठी 30 दिवसांपर्यंतच अशी परवानगी मिळते. किती दिवस, असं विचारल्यावर पैसे वाचवायला कमी दिवस सांगण्याचा मोह होतो. पावसाळ्यात नारायणगढच्या घाटात दरड कोसळली की हा मोह महागात पडतो, कारण मुदत उलटलेल्या गाडीला दंड होतो. एक दिवस जास्तीचाच लिहावा. पावती काचेजवळ न ठेवता कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवावी आणि परतताना नाक्यावर दाखवून नोंद करून घ्यावी.

इथे एक खास वऱ्हाडी अडचण येते. गाडी चालवतो मुलगा, पण आरसीवर नाव वडिलांचं, आणि वडील सोयाबीनच्या सोंगणीला मागे थांबलेले. किंवा गाडी मावसभावाची, "घेऊन जा दादा" म्हणून दिलेली. सीमेवर अशा गाडीबद्दल शंका घेतली जाते, कारण चोरीच्या गाड्याही याच वाटेने पलीकडे जातात. मालक सोबत नसेल तर त्याचं संमतीपत्र घ्यावं. त्यात गाडीचा क्रमांक, चेसिस क्रमांक, चालकाचं नाव, जाण्या-येण्याच्या तारखा आणि मालकाची सही असावी, नोटरी केलेलं असेल तर उत्तम. त्याला मालकाच्या ओळखपत्राची प्रत जोडावी.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊन जाणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा. गावोगावी हा व्यवहार चालतो, सोयीचा वाटतो, स्वस्तही पडतो. पण कागदावर ती खासगी गाडी असते, आतले प्रवासी मालकाच्या नात्यातले नसतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला हे आयतं कारण मिळतं. पिवळ्या पाटीच्या गाडीला, ट्रॅव्हलरला किंवा बसला प्रवासी वाहतुकीचे परवाने वेगळे लागतात. भारत आणि नेपाळ यांच्यात याबाबतचा मोटार वाहन करार नोव्हेंबर 2014 मध्ये झाला. परवाना दाखवल्याशिवाय गाडीवाल्याच्या हातात आगाऊ रक्कम ठेवू नये.

विम्याची एक तरतूद बहुतेकांना एजंट सांगत नाही. भारतातला मोटार विमा हा भारताच्या हद्दीपुरता असतो. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांसाठी तो वाढवून घेता येतो. त्याला भौगोलिक क्षेत्र विस्तार म्हणतात. भारतीय मोटार टॅरिफमध्ये यासाठी संपूर्ण पॉलिसीला 500 रुपये आणि केवळ तृतीय पक्ष पॉलिसीला 100 रुपये असा जादा हप्ता ठरवलेला आहे. कंपनीकडून ही पुरवणी लेखी घ्यावी. सहलीच्या खर्चात 500 रुपये म्हणजे सगळ्यांचा एका धाब्यावरचा चहा-नाश्ता.

यादी कशासाठी?

23 ऑगस्ट 2024 ला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली, भारतीय यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. प्रवासी जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव आणि आसपासच्या गावांतले होते. पंचवीसहून अधिक जण गेले आणि त्यांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने जळगावला आणावे लागले. वरणगाव म्हणजे अकोल्याहून भुसावळला जाताना लागणारं गाव. त्या आठवड्यात इकडच्याही अनेक घरांतले फोन वाजत होते. आपला माणूस त्या बसमध्ये होता की मागच्या, जखमींत आहे की नाही, हेच आधी कळत नसतं.

म्हणून प्रत्येक गाडीसाठी प्रवाशांची एक यादी करावी. नाव, वय, गाव, रक्तगट, ओळखपत्राचा क्रमांक आणि घरच्या माणसाचा फोन. एक प्रत गाडीत, एक टूरच्या प्रमुखाकडे, एक गावी. आणि प्रत्येकाच्या अंगावरच्या कपड्यात, बॅगेत नव्हे, ओळखपत्राची एक झेरॉक्स. सगळ्यांची मूळ कार्डं एका पिशवीत गोळा करून म्होरक्याने सांभाळायची, ही यात्रा कंपन्यांची जुनी पद्धत सोयीची असली तरी धोक्याची आहे. ती पिशवी गेली तर सगळेच अनामिक होतात.

कार्ड हरवलंच तर आधी जवळच्या पोलीस चौकीत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. मग काठमांडूचा भारतीय दूतावास किंवा सीमेलगत वीरगंजला असलेला भारतीय वाणिज्य दूतावास गाठावा. घरी ठेवलेली झेरॉक्स अशा वेळी मोबाइलवरून मागवता येते.

भूतान : इथे खिडकी चुकवता येत नाही

पश्चिम बंगालमधलं जयगाव आणि भूतानमधलं फुन्टशोलिंग यांच्यामध्ये एक रंगीत कमान आहे. नेपाळसारखा मोकळेपणा इथे नाही. पुढे पारो-थिंपूला जायचं तर प्रत्येकाला प्रवेश परवाना काढावा लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागतं. प्रौढांचं आधार, पॅन, वाहन परवाना, काहीही चालत नाही. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला, तोही इंग्रजीतला, आणि सोबत पालक. नगर परिषदेतून किंवा ग्रामपंचायतीतून मराठी-इंग्रजी असा दुहेरी दाखला आधीच काढून ठेवावा.

खर्चाचाही अंदाज असावा. सप्टेंबर 2022 मध्ये सीमा पुन्हा उघडल्यापासून भारतीय प्रौढाला दर रात्री 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावं लागतं, 6 ते 12 वयाच्या मुलांना निम्मं. स्वतःची गाडी आत नेण्याचं शुल्क वेगळं, आणि तेही दिवसागणिक. त्यामुळे अनेक जण गाडी जयगावलाच लावून भूतानची टॅक्सी करतात. हिशेब केला तर बहुतेकदा तेच परवडतं.

त्याही पलीकडे

नेपाळ आणि भूतान सोडले तर पासपोर्टला पर्याय नाही. बार्शीटाकळीकरांना त्यासाठी नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. अकोल्यात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. 36 पानी साध्या पासपोर्टचं शुल्क 1500 रुपये, मुदत प्रौढांसाठी दहा वर्षं.

अशा देशांत गाडी चालवायची तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. तो अकोल्याच्या परिवहन कार्यालयातून मिळतो, केंद्रीय नियमांनुसार शुल्क 1000 रुपये आणि मुदत एक वर्ष. 1949 च्या जिनिव्हा कराराखाली भारत तो देतो, आणि ऑगस्ट 2022 पासून देशभर त्याचा नमुना एकसारखा झाला आहे. हा मूळ परवान्याचा अनुवाद समजावा. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही, आणि पासपोर्टची जागा तर तो घेतच नाही. स्वतःची गाडी मुंबई ते लंडन न्यायची असेल तर 'कार्ने' हे गाडीचं पासपोर्टवजा पुस्तक लागतं. त्यासाठी बँक हमी द्यावी लागते. मुंबईतली, 1919 साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम पाहते.

अकोल्यातल्या पुष्कळ आईवडिलांना सीमा भेटते ती मात्र वेगळ्याच ठिकाणी, नायगाऱ्याला. मुलगा न्यू जर्सीत, सून गाडीत पुढे, आणि धबधबा कॅनडाच्या बाजूने जास्त छान दिसतो असं कुणीतरी सांगितलेलं. रेनबो पुलावरून पलीकडे जायला दहा मिनिटं पुरतात, पण अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीय आईवडिलांना कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा लागतो. तो नसेल तर पुलाकडे गाडी वळवूच नये. पासपोर्ट घरी सुरक्षित ठेवून फिरायची सवयही त्या प्रवासात मोडावी लागते. आणि तिकडे जन्मलेल्या नातवाला घेऊन एकटे आजी-आजोबा किंवा दोघांपैकी एकच पालक जात असेल, तर दुसऱ्याचं सहीचं संमतीपत्र जवळ असावं.

सगळ्या कामांना लागणारा वेळ मोजला तर थंडीतल्या यात्रेची तयारी पोळ्याच्या सुमारास सुरू करायला हवी. फॉर्म 8 भरून दुरुस्त कार्ड पोस्टाने घरी यायला काही आठवडे जातात. पासपोर्टला पोलीस पडताळणी असते. कापसाची पहिली वेचणी सुरू झाली की तहसीलला जायला घरात कुणालाच सवड उरत नाही. तेव्हा गाडीचं सर्व्हिसिंग मागे राहिलं तरी चालेल, ती पत्र्याची पेटी आधी उघडा आणि घरातल्या प्रत्येकाचं मतदार कार्ड जागेवर आहे का, ते आजच पाहून घ्या.